मायचा तोल जातोय, एमआरआय नॉर्मल, अन् डॉक्टर म्हणतात पोट तपासा?

परभणीचा गडी:
माय ६१ वर्षांची. नागपंचमीला झोक्यावरून उतरताना भेलकांडली, तेव्हा आम्ही हसलो. दीड महिन्यात भिंत धरल्याशिवाय पाऊल उचलेना. जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागलेत. परवा भाकरी टाकायला गेली तर भाकरी तव्याच्या शेजारी, चुलीच्या काठावर. हात नेमका जातच नाही. गल्लीत कुजबुज, म्हातारी घेती म्हणून! एका दवाखान्यानं पंधरा दिवस मानेची चक्कर म्हणून गोळ्या चारल्या. आता संभाजीनगरच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी, रक्तातल्या अँटिबॉडी अन् पेट-सीटी, म्हणजे अंगभर गाठ हुडकणारा स्कॅन, लिहून दिलंय. डोक्याच्या दुखण्याला ओटीपोट कशाला? सोयाबीन अजून रानात उभंय. पैसे जुळवायचे का नाही, सांगा.

लातूरची सून:
जुळवा. सासूबाईंचं असंच झालं. आधी चाल गेली, कॅन्सर मागून कळला. रक्तात अँटी-यो नावाची अँटिबॉडी निघाली. सोनोग्राफी साफ होती, पेट-सीटीत अंडाशयापाशी ठिपका चमकला. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. चाल काही परत आली नाही, पण आणखी बिघडायची थांबली. वाटीनं पाणी पितात, पेला धरवत नाही.

रात्रपाळीचा डॉक्टर:
तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींत असणारं प्रथिन कधीकधी गाठीतही तयार होतं. शरीर गाठीवर धावून जातं, मार लहान मेंदूला बसतो. गाठ बारीक असतानाच हे घडू शकतं, म्हणून पोटात काहीच जाणवत नाही. मेंदू आकसलेला एमआरआयमध्ये दिसतो तो पुढं. अँटी-यो असेल तर बहुतेकदा अंडाशय नाहीतर स्तन, तेव्हा मॅमोग्राफीचंही विचारा. पेट-सीटी कोरा आला तरी सुटका नाही, दर ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा, २ वर्षं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, घाई त्याचीच. तोल जाणारा प्रत्येक जण यातला नसतो हेही खरं. बी-१२, थायरॉइड झालंय ना? अन् रेशनकार्ड जवळ ठेवा. गाठ निघालीच तर ऑपरेशन-केमोला महात्मा फुले योजना आहे.

परभणीचा गडी:
बी-१२, थायरॉइड ठीक आहे. मंगळवारी पाणी काढणार. मायला कसं समजवू तेवढं सांगा. ती एकच म्हणती, "माझं पोट दुखतच नाही की रे."