मदत हवी आहे: ईएन ३१ च्या पिना हार्डनेस बरोबर असूनही कडकन तुटतायत

नमस्कार मंडळी, रत्नागिरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरच्या विंचची (जाळं ओढायच्या यंत्राची) कामं येतात. विंचच्या पिना आम्ही ईएन ३१ मध्ये करतो, म्हणजे बेअरिंगचंच स्टील, १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोम, टर्निंग करून कोल्हापूरला हार्डनिंगला पाठवतो, परत आल्या की ग्राइंडिंग इथेच. हार्डनेस ६२ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) मिळतो, झीज जवळजवळ नाहीच, पण जाळं खडकात अडकून झटका बसला की पिन वाकत बिकत नाही, सरळ दोन तुकडे. तुटल्या जागी खडीसाखरेसारखे चमकदार दाणे दिसतात. विंचपाशी खलाशी उभे असतात हो, म्हणून जास्त काळजी वाटते.

टेंपरिंग (हार्डनिंगनंतर परत थोडं तापवणं) १७० अंश सेल्सिअसला करतात. ते ३०० ला करून घेतलं तर टफनेस (झटका सोसायची ताकद) वाढेल का, की स्टीलच बदलू? १ ऑगस्टला बोटी सुटायच्या आत पिना द्यायच्यात, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:
दादा, ३०० नको. या स्टीलमध्ये २५० च्या वर गेलं की हार्डनेस उतरतो पण टफनेस काही वाढत नाही, उलट पडायची भीती. दाणे चमकतायत म्हणजे माझा पहिला संशय भट्टीवर. ८४० च्या आसपास तापवून तेलात क्वेंच (झटकन थंड) करायचं असतं, ९०० च्या पुढे गेलं तर बारीक कार्बाइड (कार्बन-क्रोमचे कडक कण) विरघळतात, ग्रेन (स्टीलचा आतला दाणा) मोठा होतो आणि पिन ठिसूळ होते, हार्डनेस टेस्टवर मात्र ६२ च दिसू शकतो. दुसरं, बार फोर्जिंगनंतर हळू थंड झाला असेल तर ग्रेनच्या कडेने कार्बाइडची जाळी बसते आणि भेग त्याच वाटेने धावते, त्याला आधी नॉर्मलाइझिंग (तापवून हवेत थंड करणं) आणि मग स्फेरॉइडाइझ अनीलिंग (कार्बाइड गोल व्हावेत म्हणून तापवून हळू थंड करणं) लागतं. तुटका तुकडा लॅबला देऊन मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखाली स्टीलची रचना) बघून घ्या, दोन्ही गोष्टी तिथे कळतील.

ईएन ३१ च ठेवायचं असेल तर क्वेंच तेलाऐवजी २३० च्या सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारात) करून, तिथेच काही तास ठेवून बेनाइट (स्टीलची जास्त चिवट रचना) करून घेता येतं, टफनेस बराच सुधारतो. पण झटक्याच्या कामाला मी ईएन ३६ (कमी कार्बनचं निकेल-क्रोम स्टील) केस हार्डनिंग करूनच वापरेन, वरची कातडी ६० एचआरसी आणि आतला गाभा चिवट. पिनेला ग्रीसची खाच असेल तर तिचे कोपरे गोल ठेवा, आणि पिनेचा व्यास किती ते कळवा म्हणजे केसची जाडी सांगतो.