मदत हवी आहे: घरात गाण्याला बसायची नेमकी वेळ कोणती? (घणसोली, वन बीएचके)

सेक्टरवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी घणसोलीत राहते. सिडकोची जुनी इमारत, दुसरा मजला. माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं. लग्नाआधी ७ वर्षं तिथेच एका बाईंकडे गाणं शिकले, मग १४ वर्षं पेटीवर कापड. लॉकडाउनमध्ये ते कापड काढलं आणि आता ओव्यांना, आवडलेल्या कवितांना चाली लावते. मोबाइलवर तानपुरा लावायचा, पेटीवर चाचपडायचं, बरं काही निघालं तर लॅपटॉपला माइक जोडून रेकॉर्ड करायचं. श्रोते म्हणजे भिशीतल्या बायका आणि पुण्याचा भाऊ, तोही पाठवलं तरच.

अडचण वेळेची आहे. बाईंनी सांगितलं होतं म्हणून पहाटे पाचला उठून बसले. माझी पट्टी (ज्या सुराला सा धरते तो) काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज असा उतरतो की दिवसभरात पुन्हा कधी लागत नाही. पण वर गेलं की तार (वरच्या) षड्जालाच फाटतो. त्यात पावणेसहाला खाली पाण्याची मोटर सुरू होते. तिला स्वतःचा एक सूर आहे, माझ्या षड्जाच्या जरासा खाली. दहा मिनिटांनी तानपुरा बाजूला राहतो आणि मी मोटरीच्या सुरात गायला लागते. हसू नका, रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

रात्री साडेदहानंतर डोकं चालतं. आजवरच्या सगळ्या बऱ्या चाली रात्रीच्याच. पण मुलगा दहावीला आहे, खालच्या काकू एकदा बेल वाजवून गेल्यात, त्यामुळे गाणं कसलं, गुणगुणणंच. आणि रात्री डोळ्यांत पाणी आणणारी चाल सकाळी चहाबरोबर ऐकली की दहातल्या सात वेळा टाकाऊ निघते.

दुपारी घरून काम असलं की दीड ते अडीच मोकळा मिळतो. जेवून बसलं की दम पुरत नाही. शिवाय नवऱ्याला एमआयडीसीत पाळ्या आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात तो आठला येऊन एकपर्यंत झोपतो, तेव्हा सकाळ बाद.

तर गाण्याची म्हणून काही योग्य वेळ खरंच असते का? दुपारी दीडला यमनातली चाल बांधली तर काही बिघडतं का? आणि पाळीच्या घरात कुणी हे जमवलंय का? ‘ज्या वेळी मन लागेल ती वेळ’ असं कृपया लिहू नका, ते मला आई सांगते.

तलावपाळीकर

१४ वर्षांनी पेटी उघडलीत, आधी त्याबद्दल अभिनंदन. भाता शाबूत होता का? आमच्या पेटीत झुरळांनी संसार मांडला होता. मोटरीबद्दल वाचून फार हसलो, माफ करा.

खर्जातले_काका

ताई, पहाटे तार सप्तकात जाताच कशाला? रात्रभर आडवं पडल्यामुळे स्वरतंतूंवर थोडी सूज असते, चिकट स्रावही साठलेला असतो. तंतू जाड म्हणून आवाज खाली. जुनी मंडळी पहाटे खर्ज (खालचे स्वर) भरायला लावत ती याचसाठी. तो अर्धा तास फक्त सा, खालचा नी, ध, प असा एकेक स्वर श्वास संपेपर्यंत धरा. हळू आवाजात. जोर लावलात की उरलेला दिवस बसका आवाज घेऊन फिराल, मी फिरलोय.

वरचा आवाज उठल्यावर दीड-दोन तासांनी, बोलणं-चालणं झालं की आपोआप मोकळा होतो. पाणी गायच्या आधी घटाघटा पिऊन उपयोग नाही. ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागतही नाही. आदल्या दिवशी काय प्यायलात ते सकाळी गळ्यात दिसतं.

दुपारचं उत्तर तुम्हीच दिलंत. भरल्या पोटी श्वासपटल खाली जायला जागा नसते. आधी गा, मग जेवा.

शुद्धमध्यम

दुपारी दीडला यमन? नको हो. राग-समय हा काही खेळ नाही. दुपारी सारंग गावा, तिसऱ्या प्रहरी भीमपलास, दिवेलागणीला मारवा, पूरिया. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा.

अध्वदर्शक

शुद्धमध्यम, तुमच्याच नावाचा आधार घेऊन थोडा वाद घालतो. संगीतशास्त्रकार पं. भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रागांच्या वेळेची जी मांडणी केली ती हवेतून नाही, स्वरांवरून केली. कोमल रिषभ, शुद्ध गंधार असले की संधिप्रकाश (पहाट-सांजेचे) राग, म्हणजे भैरव किंवा पूरवी. त्यानंतर रे-ध शुद्ध असलेले राग, त्यानंतर कोमल ग-नीचे. संध्याकाळ-रात्रीकडे तीव्र मध्यम वाढतो, म्हणून मध्यमाला अध्वदर्शक (वाट दाखवणारा) म्हणतात. वादी (रागातला मुख्य) स्वर पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर राग साधारण दुपारी १२ ते रात्री १२ या भागातला, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात असेल तर रात्री १२ ते दुपारी १२.

ताई, यातून तुम्हाला चालीसाठी फुकट मिळणारी गोष्ट सांगतो. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, तो रात्रीचा. देशकाराचा वादी धैवत, तो सकाळचा. एकच ओवी घ्या. संध्याकाळी गंधारावर मुक्काम करत गा, सकाळी धैवतावर. शब्द तेच, स्वर तेच, पण चाल दुसरी होते. वेळेचा नियम पाळायचा की मोडायचा हे त्यानंतर ठरवा.

बाकी दुपारी यमन गायलात म्हणून पोलीस येणार नाहीत. बांधताना सगळे सगळं वेळी-अवेळी घोळवतातच. मैफलीतलं वेगळं. आपल्याकडे कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी, त्यामुळे तोडी, भैरव समोर बसून ऐकायला मिळतात ते मुख्यतः दिवाळी पहाटेला. त्या सकाळी सोडल्या तर सकाळच्या रागांचे हालच आहेत.

शुद्धमध्यम

देशकाराचं पटलं. दुपारचा यमन अजून पटला नाही. असो.

गोधडी_स्टुडिओ

मी वर्तकनगरला राहतो, घरीच रेकॉर्डिंग करतो. दोन गोष्टी.

पहिली, तुमची मोटर. ती बेसूर नाही हो, अगदी सुरात आहे, फक्त तुमच्या पट्टीत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. मोटर, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा जुना चोक हे सगळं त्याच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झला घुमतं, आणि त्याच्यावर २००, ३०० असे उपस्वर. काळी चारचा तुमचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ. मोटर म्हणते २००. अर्ध्या स्वराहूनही कमी फरक. इतक्या जवळचा आवाज सतत कानावर असेल तर कुणीही खाली ओढलं जाईल. कान वाईट असता तर तिच्यात मिसळलाच नसतात.

उपाय: मोटर चालू असेपर्यंत तानपुरा पांढरी पाचवर घ्या (१९६ हर्ट्झ) आणि ॲपमध्ये बारीक सूर ३५ सेंटनी चढवा (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). मोटर तुमची खर्जाची तार होईल. काका म्हणतात तसा सकाळी आवाज खालीच असतो, तेव्हा तेवढं उतरलात तर गळ्यालाही बरं.

दुसरी, रात्रीची चाल सकाळी टाकाऊ का वाटते. दिवसभर कान वापरून रात्री थकलेले असतात, त्यात हेडफोन. शिवाय आवाज बारीक ठेवला की माणसाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे रात्री पेटीचा खर्ज वाढवून ठेवला जातो आणि सकाळी मोठ्याने लावलं की सगळं घोंगावतं. चाल वाईट नसते, मिश्रण वाईट असतं. रात्री फक्त मोबाइलवर गुणगुणून ठेवा, एका मिनिटाच्या आत. ठरवाठरवी सकाळी.

रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात तोंड घालून करा, पाठीमागे दोरीवर गोधडी. दिसायला वेड्यासारखं दिसतं. पंखा बंद. मे महिन्यात देव तुमचं भलं करो.

तिसरी_पाळी

वहिनी, मी तुमच्या नवऱ्याच्याच जातकुळीतला. रबाळ्याला पाळीत आहे, भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. तुमची चूक एवढीच की तुम्ही घड्याळातली वेळ शोधताय. पाळीच्या घरात घड्याळ दर आठवड्याला बदलतं. मी हात साफ करायला बसतो ते उठल्यापासून दोन तासांनी, मग ते सकाळी आठ असो की दुपारी तीन.

तीन आठवड्यांचा कागद करून फ्रिजवर लावा. पहिल्या पाळीला तो सहालाच बाहेर पडत असेल, मुलगा शाळेत, म्हणजे सकाळ तुमची. तो आठवडा रेकॉर्डिंगचा. दुसऱ्या पाळीला तो रात्री उशिरा येतो, तोवर घर शांत, चाली सुचायला बरं. रात्रपाळीला सकाळी गाणं बंद, फक्त आधीचं ऐकायचं आणि शब्द पाठ करायचे. आणि त्याला झोपेतून उठवू नका एवढी एका कामगाराची विनंती.

तलावपाळीकर

काकूंसाठी: २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. साध्या गळ्याने त्या तक्रार करतील असं नाही, पण दहाच्या आत एकदा खाली जाऊन चाल ऐकवून या. आमच्या खालच्या आजी आता फर्माईश करतात.

सेक्टरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे मुद्दाम थांबून लिहितेय.

कागद फ्रिजवर लावला. नवऱ्याने त्यात लाल पेनने स्वतःची झोप रंगवली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रोज साडेनऊ ते साडेदहा बसले आणि दोन रेकॉर्डिंग झाली. एकात वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आहे, अंतऱ्याच्या समेवर. काढली नाही. रात्रपाळीचा आठवडा मात्र पूर्ण वाया गेला, नुसतं ऐकत बसायचा मला कंटाळा आहे हे नव्याने कळलं. तिसरी_पाळी भाऊ, तिथे दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

एक ओवी देशकारात आणि भूपात करून पाहिली. देशकार जमला नाही, पुन्हा पुन्हा गंधारावरच येऊन बसते. सकाळी सव्वानऊला भूप म्हणत होते म्हणा ना. शुद्धमध्यम, क्षमस्व.

आणि मोटर. पांढरी पाच, वर ३५ सेंट. पावणेसहाला ती सुरू झाली, मी सा लावला आणि क्षणभर कळेना की तानपुरा कुठला आणि मोटर कुठली. पंचमावर गेले तेव्हा अंगावर काटा आला. सहा वीसला ती बंद झाली, तर तानपुरा एकदम पोकळ वाटायला लागला.

आता काल सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे की पुढच्या महिन्यात मोटर बदलणार. गोधडी_स्टुडिओ दादा, नवीन कुठल्या सुरात येईल?

गोधडी_स्टुडिओ

वीज तीच, सूर तोच. आवाज कमी असेल एवढंच. नको असेल तर सेक्रेटरींना जुनीच दुरुस्त करायला सांगा, कारण मात्र सांगू नका.