आपला कचरा पुढे कोणाच्या हातात जातो? (अनुभव धागा)

कचरा वेगळा करून द्यायचा, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन भाग करणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं होतं. पण दारातली बादली उचलल्यावर पुढे काय होतं? ती कोण उचलतं, त्यातलं काय विकलं जातं, काय कुजतं आणि काय नुसतं साचून राहतं? हे बघितलं की घरातल्या सवयी बदलतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, सोसायटीत, गावात काय चालतं, काय जमलं, कुठे अडलं, ते लिहा. नियम सगळ्यांना पाठ आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. सुरुवात मी करते.

कोथरूड, पुणे

आमच्याकडे ‘स्वच्छ’ची ताई येते. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे कचरावेचक महिलांची ही सहकारी संस्था झाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा घेते. घरटी ठरलेले पैसे मिळतात ते वेगळे. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल, त्याची कमाई ताईची. त्यामुळे आपण सुका कचरा कसा देतो, याचा थेट संबंध तिच्या दिवसाच्या मिळकतीशी आहे.

एकदा पार्किंगच्या जिन्याखाली ती निवड करत होती, तेव्हा शेजारी बसून बघितलं. दुधाची पिशवी हातात आली की आधी ती दोन बोटांनी उघडते. आत दूध नासलेलं असलं तर पिशवी बाजूला, कारण ती चिकटली की बाकीचा गठ्ठाही खराब होतो. धुऊन वाळवलेली पिशवी लगेच चांगल्या ढिगात. पिशवीचा कोपरा कापून वेगळा केलेला तुकडा इतका लहान असतो की तो कुणाच्याच हाती लागत नाही. गटारात तरी जातो, मातीत तरी. तेव्हापासून आमच्याकडे कोपरा अर्धवट कापतात, तुकडा पिशवीलाच लटकता ठेवतात. पिशव्या खळबळून ओट्यावरच्या दोरीला चिमट्याने अडकवतात. कामवाल्या मावशींनी ही पद्धत त्यांच्या बाकीच्या घरांतही नेली.

पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा तरी उरुळी देवाची आणि फुरसुंगीची आठवण ठेवावी. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जाऊन पडला, विहिरींचं पाणी बिघडलं, आणि गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. आपल्या बादलीतून जे वाचतं, ते कुणाच्या तरी शिवारातून वाचतं.

ठाणे

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत आवारातच, ड्रममध्ये होतं. २०१६च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या संकुलांना शक्य तिथे तसं करायलाच सांगितलं होतं, तरी सुरुवातीला विरोध जबरदस्त होता. एकच मुद्दा: वास. पहिल्या पावसाळ्यात वास आलाही. सर्वसाधारण सभेत ड्रम बंद करा म्हणून ठरावच आला.

वासाचं कारण साधं आहे. सालं, भाजीची देठं, चहाचा चोथा यांत पाणी आणि नायट्रोजन भरपूर. नुसतं तेच साठवलं तर मधे हवा राहत नाही आणि हवेवाचून ते सडतं. त्यात कोरडा पाला किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला की कर्ब मिळतो, पोकळी राहते आणि तेच कुजणं बिनवासाचं होतं. आमच्या आवारात गुलमोहर आणि बदामाचा पाला ढिगाने पडायचा आणि माळी तो जाळायचा. आता पोत्यांत भरून ठेवतो. कचऱ्याचा एक थर, पाल्याचा एक थर, वर आंबट ताक शिंपडायचं, दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. ढीग नीट लागला की आतून असा तापतो की हात घालवत नाही. तेव्हा समजायचं, काम सुरू आहे.

मधे जाड राखाडी अळ्या दिसल्या आणि पुन्हा घबराट झाली. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र ड्रममध्ये घालू नका, त्यांना कुजायला फार वेळ लागतो. तयार खताला ओल्या मातीचा वास येतो. ते पहिल्यांदा घरोघर वाटलं, त्यानंतर ठरावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सातारा जिल्हा

शहरातल्यांचं वाचून बरं वाटलं, पण गावाचंही ऐका. पूर्वी प्रत्येक घराचा उकिरडा असायचा. शेण, राख, पाचोळा, खरकटं सगळं त्यात, आणि उन्हाळ्यात तेच शेणखत रानात. आता त्याच उकिरड्यावर गुटख्याच्या पुड्या, शांपूचे सॅशे, वेफर्सची पाकिटं पडतात. शेणखताची ट्रॉली रानात रिकामी केली की काळ्या मातीत चंदेरी तुकडे चमकताना दिसतात. नांगरटीत ते वर येतात, पुढच्या वर्षी पुन्हा वर येतात. गाई-म्हशींच्या पोटात काय जातं ते वेगळंच.

ग्रामपंचायतीची घंटागाडी गावठाणात येते, वाडी-वस्तीवर येत नाही. मग लोक चुलीत किंवा बांधावर प्लास्टिक जाळतात. आई चुलीपुढे बसते, तिला दम लागतो. मी घरात प्लास्टिक जाळणं पूर्ण बंद करायला लावलं. गोठ्याच्या भिंतीला एक युरियाचं रिकामं पोतं टांगलंय, सगळं कोरडं प्लास्टिक त्यात. भरलं की बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर टाकून गावठाणात गाडीकडे देतो. शेजारच्या दोन घरांनीही पोती टांगलीत. गाडी आठवड्यातून एकदा जरी वस्तीवर आली तरी पुरेल, सुका कचरा तेवढे दिवस टिकतो. ग्रामसभेत हीच मागणी लावून धरली आहे.

कोल्हापूर

माझ्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं, लहानपण तिथेच गेलं. लोकांना वाटतं प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. दुकानात त्याच्या कितीतरी जाती. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. शांपू, फिनेलच्या बाटल्या आणि कॅन म्हणजे ‘फुगा’. मोडलं की कट्कन तुटतं ते ‘कडक’. वडील डबा वाकवून, नखाने टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठल्या पोत्यात टाकायचा. जाती मिसळल्या की पुढचा कारखानदार भाव पाडतो, कारण वितळवताना एकीमुळे दुसरी नासते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वेफर्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं सहसा कोणताही भंगारवाला घेत नाही. प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. धुऊन, वेगळं ठेवूनही त्यांची विक्री होत नाही. तिथे उपाय एकच, कमी आणणं. तेलकट पिझ्झाचा खोकाही पुठ्ठ्यात जात नाही. वरचं कोरडं झाकण फाडून द्या, तेवढं चालतं.

वेंगुर्ले

आमचं गाव लहान, पण सांगण्यासारखं आहे. २०१५च्या सुमारास नगरपरिषदेने ठरवलं की वर्गीकरण न केलेला कचरा उचलायचाच नाही. तेव्हा मुख्याधिकारी होते रामदास कोकरे. लोकांनी कुरकुर केली, पण गाडी खरंच न घेता पुढे जायची, त्यामुळे सवय लागली. जुन्या कचरा डेपोच्या जागेवर बायोगॅस, खत, प्लास्टिक बारीक करण्याचं यंत्र असं सगळं उभं राहिलं. ते प्लास्टिक डांबरात मिसळून रस्त्यांना वापरलं. जिथून नाक दाबून जायचो, तिथे आता बाहेरगावचे लोक बघायला येतात. पाहुणे आले की मीही घेऊन जातो.

एका महानगरातून (नाव लिहीत नाही)

माझा अनुभव कडू आहे. घरात दोन बादल्या, इमारतीत दोन पिंपं, आणि गाडी आली की दोन्ही एकत्र. डोळ्यांदेखत. तक्रार केली, उत्तर आलं, ‘दखल घेतली.’ शेजारचे म्हणतात, मग आपण तरी का करायचं? शेवटी आम्ही सुका कचरा गाडीला देणंच थांबवलं. फाटकाशी एक जाळीचं कपाट ठेवलं, त्यातून रद्दीवाले काका थेट नेतात. गाडीला फक्त ओला. आता एकत्र करायला काही उरतच नाही. तरीही गाडीचा प्रश्न आम्ही सोडलेला नाही, कारण प्रत्येक इमारतीला कपाट ठेवायला जागा नसते.

स्टुटगार्ट, जर्मनी

इथे पाण्याची, सरबताची प्लास्टिकची बाटली घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात सरकवली की पावती मिळते, ती बिलात वळती होते. पण मला भावलं ते वेगळंच. प्रवासात बाटली रिकामी झाली तर इथे अनेकजण ती कचराकुंडीत न टाकता कुंडीच्या शेजारी उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून पोट भरणारी माणसं इथेही आहेत. त्यांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. कोथरूडच्या ताईंचं वाचून ते आठवलं.

पिंपरी

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आम्ही वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढतो आणि वेगळं देतो. पुण्यातल्या कचरावेचक महिलांनीच ही मागणी मांडली होती. ठिपका दिसला की पुडी उघडून बघावी लागत नाही. घरातल्या मुलाला आणि नवऱ्यालाही ठिपका कशासाठी ते सांगितलंय. लाजायचं काही नाही. फुटकी काच पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’.

सासऱ्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. त्याच्या सुया मात्र कुठल्याच बादलीत टाकत नाही. फिनेलची जाड बाटली धुऊन ठेवलीय, सुई वापरून झाली की थेट तिच्यात, फिरकीचं झाकण लगेच बंद. बाटली भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देतो. तिथला कचरा न्यायला वेगळी गाडी येते. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा, आमच्या डॉक्टरांनी एका शब्दात हो म्हटलं.