जॅडोटव्हिल: क्विनलननी शस्त्रं खाली ठेवायला हवी होती का?

खडकीकर: औंधच्या लष्करी तळावर 2016 साली 'फोर्स 18' हा शांतिसेनेचा बहुराष्ट्रीय सराव झाला. त्याचा विषय निघाला की मला दोन वेढे आठवतात. सप्टेंबर 1961, काँगोपासून फुटून निघालेल्या कतांगा प्रांतातलं जॅडोटव्हिल: संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली, कमांडंट पॅट क्विनलन यांची सुमारे 155 आयरिश जवानांची कंपनी कतांगाच्या सैन्याशी 13 ते 17 तारखेपर्यंत लढली आणि शरण गेली. 2000 साली सिएरा लिओनमधल्या कैलाहुनला शांतिसेनेतले आपले जवान 75 दिवस बंडखोरांच्या वेढ्यात राहिले आणि शस्त्रांसह बाहेर पडले. क्विनलननी आणखी ताणून धरायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

दापोडी_सॅपर: कशाच्या जोरावर? पाण्याचा हिशोब मांडा. त्या उन्हात लढणाऱ्याला दिवसाला 5 लिटर धरले तरी 155 जणांना 775 लिटर, म्हणजे 20 लिटरचे जवळपास 39 डबे, रोज. शिवाय व्हिकर्स मशीनगनची नळी थंड ठेवणाऱ्या जॅकेटला सुमारे 4 लिटर पाणी लागतं, ते वेगळंच. एकच हेलिकॉप्टर पाणी घेऊन पोचलं, तेही इंधनाच्या डब्यांतून. असा डबा नुसता विसळून भागत नाही, तवंग कडांना आणि झाकणाच्या रबराला चिकटून राहतो. ते पाणी पिण्याजोगं नव्हतं.

खडकीकर: व्हिकर्सची वाफ नळीतून डब्यात उतरवली की पाणी बरंचसं परत मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि खंदक उत्तम होते. क्विनलननी आल्या आल्या खणायला लावले, म्हणून तर पाच जखमी झाले पण मेला एकही नाही. एवढी धड कंपनी रात्री एलिझाबेथव्हिलच्या वाटेवरच्या लुफिरा नदीच्या पुलाकडे फुटून निघू शकली असती.

वानवडी: खडकीकर, पूल कतांगावाल्यांच्या हातात होता! कतांगाची राजधानी एलिझाबेथव्हिलहून मदतीची तुकडी दोनदा निघाली, दुसऱ्या खेपेला आपले गोरखेही होते, आणि दोन्ही वेळा तिथूनच परतावं लागलं. स्ट्रेचरला चौघे धरा, बदलीचे चौघे. चालू न शकणारे तिघे जरी असले, तरी 24 माणसं त्यातच अडकली. उजाडलं की उघड्या रस्त्यावर कतांगाचं फूगा हे जेट विमान. एकच विमान, पण संयुक्त राष्ट्रांकडे तेव्हा तिथे एकही लढाऊ विमान नव्हतं. आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं पोचली ऑक्टोबरात. कैलाहुनच्या सुटकेला ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरं होती, आपली एमआय-35 ही हल्ला करणारी हेलिकॉप्टरं होती, दारू नावाच्या गावाहून निघालेली कुमक होती. ही तुलनाच चुकीची आहे.

खडकीकर: विमानांचं मान्य. पण पाणी संपणार हे पहिल्या दिवशीच दिसत होतं. नळ तुटण्याआधी हाताला लागेल ते पिंप, टब, बादली भरून झाकून ठेवायची, आणि वाटप सेक्शन कमांडरच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या प्रमुखाच्या, हातात द्यायचं.

दापोडी_सॅपर: भरलंच होतं की! उघड्या भांड्यातलं पाणी तोफगोळ्यांच्या धुळीत दोन दिवसांत खराब होतं. त्यातून दारूगोळा संपत आलेला. रिकाम्या रायफली घेऊन दीडशे पोरं मारून घ्यायची होती का? क्विनलननी सगळ्यांना जिवंत घरी नेलं. आयर्लंडने त्यांना पदकं द्यायला 2017 साल उजाडू दिलं, माझा राग त्याच्यावर आहे.