बाळाचे वजन जास्त असल्यास धोका कोणता?

प्रश्न (खानापूर): माझ्या वहिनींचे दिवस भरत आले असून सोनोग्राफीत बाळाचे वजन ४ किलोंच्या वर दिसते. घरची मंडळी आनंदात आहेत, मला मात्र काळजी वाटते. प्रसूती बेळगावला करावी का?

उत्तर (निपाणी): ताई, काळजी रास्त आहे. एवढ्या मोठ्या बाळाचे डोके बाहेर आल्यावर खांदा अडकू शकतो, आणि आईला जखमा व अतिरक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालयच निवडावे. सोनोग्राफीचा अंदाज मात्र १०-१५ टक्के चुकू शकतो.

उत्तर (बेळगाव): वहिनींची साखर तपासली आहे का? गरोदरपणातील मधुमेह हे एक मोठे कारण असते. अशा आईच्या बाळाची साखर जन्मानंतर काही तासांतच घसरू शकते, त्यामुळे पहिल्या तासात अंगावर पाजावे व बाळाची साखर तपासून घ्यावी.

प्रश्नकर्ती: तपासणी झालेली नाही, उद्याच करून घेतो.