पॅरिस ऑलिंपिक २०२४ चं ओपनिंग कोणी पूर्ण पाहिलं का? मला तर खेळाडूच दिसले नाहीत

अजनीवाला:

काल रात्री अकराला बसलो ते पार शेवटपर्यंत पाहिलं, त्यामुळे मत द्यायचा हक्क आहे असं समजून लिहून राहिलो. स्टेडियम नाही, थेट सीन नदीवर, समर ऑलिंपिकमध्ये असं पहिल्यांदाच, ८५ बोटी, सहा किलोमीटर, हे सगळं आठवडाभर वाचून होतो म्हणून उत्सुकता जाम होती. पण मला कोणी सांगा ना, खेळाडू कुठं होते?

मला ओपनिंगमधलं सगळ्यात जास्त मार्च पास्ट आवडतं. बाकीचे तेव्हा चहा ठेवायला जातात, मी नाही जात. तुवालू, भूतान, नाउरू असे दोन-तीन खेळाडूंचे देश, त्यातला एक झेंडा घेऊन पुढं, बाकीचे मोबाईल वर धरून शूटिंग करत चाललेत, अन् कॅमेरा त्यांच्यावर थोडा वेळ तरी थांबतो. काल काय, बोट येते, एकाच बोटीत तीन-चार देश, बरेचसे रेनकोटात, पाऊस असा की लेन्सवरच थेंब, देशाचं नाव वाचेपर्यंत कट. कुठं, तर छतावर कोणीतरी मुखवटेवाला मशाल घेऊन पळून राहिला. परत बोट, परत कट, आता डोकं कापलेली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत खिडकीत उभी अन् मेटल बँड. (ते एक भारीच होतं, खोटं कायले बोलू.)

आपली बोट आली तेव्हा सिंधू अन् टेबल टेनिसवाला शरथ कमल झेंडा घेऊन समोर. शरथचं हे पाचवं ऑलिंपिक, म्हणून मी बायकोला उठवायला आत गेलो, ती डोळे चोळत बाहेर येईपर्यंत स्क्रीनवर दुसराच देश. ती म्हणे यासाठी उठवलं का. ११७ जणांची टीम अन् तिला दिसलं काय, तर नदी.

तर प्रश्न असा, हे मलाच वाटलं का? अन् आपल्या चॅनेलनं कमी दाखवलं की तिकडूनच तसं येऊन राहिलं होतं?

सीए_फायनल_चालू_आहे:

चॅनेलला शिव्या देऊ नका भौ, त्यांच्या हातात काही नसतं. ऑलिंपिकचं चित्रण ओबीएस करते, म्हणजे ऑलिंपिक कमिटीची स्वतःची ब्रॉडकास्ट कंपनी, सगळ्या जगाला तोच फीड जातो. अमेरिकेसारखे मोठे हक्कदार स्वतःचे जास्तीचे कॅमेरे लावतात, बाकीचे त्याच फीडवर आपली कॉमेंट्री चढवतात. आता कॉमेंट्रीबद्दल बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो. बोट समोर दिसून राहिली आणि हे अजून मागच्या नाचाबद्दलच बोलतायत.

अन् बोटींवर नेहमीचे टीव्ही कॅमेरे किती मावणार, म्हणून सॅमसंगचे मोबाईल बसवले होते दोनशेच्या वर, खेळाडूंचे जवळचे शॉट त्यातनं येत होते. अधूनमधून चित्र जे फिकं-फिकं वाटत होतं त्याचं कारण हे असू शकतं, प्लस पाऊस.

महालकर:

मी उलटं बोलतो. स्टेडियमच्या ओपनिंगला काय असतं, दोन तास देशांची नावं ऐका अन् मग आतषबाजी. इथं आख्खं शहर स्टेज केलं, पूल, छतं, खिडक्या सगळं. वरच्या काठावरच्या दोन लाखांहून जास्त लोकांना फुकट पास होते, स्टेडियममध्ये एवढे लोक फुकट बसवून दाखवा. आणि ज्या दिवशी सकाळीच रेल्वेच्या लाईनींवर जाळपोळ झाली त्याच रात्री हे केलं, हिंमत लागते बाप्पा.

मिरवणूक ही मिरवणुकीसारखी पाहायची असते. आपली नागपूरची मारबत घ्या, वाईटाला हाकलायची पुतळ्यांची मिरवणूक. तान्ह्या पोळ्याला जागनाथ बुधवारीतनं पिवळी निघते, काळी तिकडून येते, मागं बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, त्यांच्यावर पाट्या, कोणाला सोडत नाहीत, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. इतवारीत गर्दीत उभं राहून "घेऊन जा गे मारबत" ओरडण्यात जी मजा आहे ती टीव्हीच्या दोन मिनिटांच्या बातमीत येते का? नाही येत. म्हणून कोणी मारबत फालतू म्हणतं का? तेच इथं. काठावरच्या माणसाला विचारा, तो वेगळं सांगेल.

अन् ते निळा रंग फासलेला देव अन् टेबलामागचे लोक, येशूच्या शेवटच्या जेवणाची थट्टा केली म्हणून जे कालपासून पेटलंय त्यात मी पडत नाही. बडग्यांवर वाढलेल्या माणसानं काय बोलायचं.

अजनीवाला:

मारबतीचं पटलं, पण तिथंच तर घोळ आहे ना. मारबत मी उभा आहे तिथून पूर्ण जाते, डोक्यापासून शेवटच्या बडग्यापर्यंत. पॅरिसला काठावरच्या माणसाला काय दिसलं असेल? त्याच्यासमोरून बोटी गेल्या, बरोबर. पण गाणं एका पुलावर, राणी दुसऱ्याच इमारतीत, भाषणं ट्रोकाडेरोला. म्हणून तर नदीकाठी मोठाल्या स्क्रीन लावल्या होत्या. म्हणजे तोही बिचारा पावसात भिजत टीव्हीच पाहून राहिला होता, फक्त माझ्याकडे पंखा अन् छत होतं. मग टीव्हीसाठीच बनवायचं होतं तर टीव्हीवर नीट दिसेल असं बनवा. माझं एवढंच म्हणणं आहे, बोटी आल्या की दहा मिनिटं बोटीच दाखवा, मग दहा मिनिटं नाच. मिसळ कायले केली.

टसर_वाली:

मी फक्त कपडे पाहायला बसले होते, कबूल. आणि आपल्या टीमचे कपडे पाहून फार वाईट वाटलं. कल्पना चांगली, पुरुषांना कुर्ता-बंडी, मुलींना तिरंग्याच्या रंगाची साडी. पण ते इकत विणलेलं नाही हो, छापलेलं. ज्यानं एकदा खरं इकत हातात घेतलंय त्याला लांबूनही कळतं, खऱ्या इकतच्या नक्षीची कड थोडी पसरलेली असते, कारण धागे आधी बांधून रंगवतात आणि मग मागावर जातात. छापलेल्याची कड चाकूनं कापल्यासारखी सरळ येते. सिंधू उंच, कशातही छान दिसते, म्हणून निभावलं.

आपल्या भंडाऱ्याच्या टसर रेशमाला करवतकाठी किनार लावून नेसवल्या असत्या तर जगानं वळून पाहिलं असतं. मंगोलियाचा पोशाख बघा, भरतकाम बघून सगळे वेडे झाले, त्यांची टीम केवढीशी.

खेळाडू दिसले नाहीत म्हणता दादा, पण अशा कपड्यात कमी दिसले तेच बरं 😀

मानेवाड्याचा_भौ:

काय बे, सगळं सांगून राह्यले अन् ऑलिंपिक ज्योतीच्या फुग्याबद्दल कोनीच बोलत नाई. मले तर तोच आवडला. धावपटू मारी-जोसे पेरेक अन् ज्युदोवाला टेडी रीनेर, दोघायनं मिळून पेटवला अन् तो वर गेला नं राजा, मी एकटाच हॉलमंदी टाळ्या वाजवून राह्यलो होतो, मायनं आतून ईचारलं काय झालं म्हनून. त्याच्या आधी शंभर वर्साचा एक म्हातारा सायकलपटू व्हीलचेअरवर मशाल घेऊन बसला होता पावसात, त्याले पाहून पानी आलं डोयात.

पन आता वाचून राह्यलो का त्याच्यात आगच नाई. पान्याचे फवारे अन् लाईट. हे खरं हाय का? का व्हॉट्सॲपचं?

सीए_फायनल_चालू_आहे:

खरं आहे. सात मीटरचं कडं, त्यात ४० एलईडी आणि पाण्याची बारीक वाफ, प्रकाश पडला की ज्वाळा वाटते. इंधन जळत नाही. ऑलिंपियाहून आणलेली खरी ज्योत कंदिलात वेगळी ठेवली आहे, तिथंच तुइलरी बागेत. अन् फुगाच का, तर त्याच बागेतून १७८३ साली गॅसच्या फुग्यातून माणसं पहिल्यांदा उडाली होती. नुसती शो-बाजी नाही, जागेचा हिशोब आहे त्यात.

मानेवाड्याचा_भौ:

म्हंजे पान्याची आग. कूलर हाय मंग तो.

खामल्याचे_काका:

मी १९८२ च्या दिल्ली एशियाडपासून ही ओपनिंगं पाहत आलो आहे, त्यामुळे थोडं ज्येष्ठत्वानं बोलतो. अजनीवाल्यांना जे "टीव्हीवर नीट दिसणारं" हवंय ते बीजिंगला २००८ मध्ये झालं. २००८ ढोलवाले एका ठेक्यात, एकाचाही हात चुकला नाही. नंतर कळलं की आकाशातली ती पावलांची आतषबाजी टीव्हीवर दाखवली ती बरीचशी कॉम्प्युटरवर केलेली, आणि गाणारी मुलगी नुसते ओठ हलवत होती, आवाज दुसऱ्या मुलीचा. टीव्हीसाठी बनवायला गेलं की तिथपर्यंत जातं प्रकरण.

पॅरिसला चुका उघड्यावर झाल्या. ऑलिंपिकचा झेंडा उलटा चढवला, दक्षिण कोरियाची बोट आली तर उत्तर कोरिया म्हणून नाव पुकारलं, आज ऑलिंपिक कमिटीच्या अध्यक्षांना दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून माफी मागावी लागली. झेंड्याचं मी समजू शकतो, पावसात घाई. कोरियाचं नाही समजू शकत, एवढी वर्षं तयारी करून देशाचं नाव चुकता?

आणि सेलिन डिऑन. ज्या बाईला स्नायू आखडण्याचा तो आजार, २०२२ मध्ये जाहीर केलं होतं तिनं, ती आयफेल टॉवरवरून गायली. खाली पियानोवर पाण्याचे थेंब दिसत होते. तेवढा वेळ दिग्दर्शकानं एकही फालतू कट मारला नाही. म्हणजे येत होतं त्यांना.

अजनीवाला:

काका, हेच तर म्हणतोय मी! येत होतं. गायिकेवर कॅमेरा थांबतो, मग चार वर्षं मरमर सराव करून आलेल्या पोरांवर काहून नाही थांबत? काही नाही तर फक्त बोटींचा एक वेगळा फीड द्यायचा होता ॲपवर, ज्याला पाहायचं तो पाहील. तीन तास बोटीत भिजले ते लोक, अन् आपली काही मंडळी तर दुसऱ्या दिवशी मॅच म्हणून आलीही नव्हती, जे आले त्यांना तरी दाखवा ना.

बाकी घोडा कोणाला आवडला? तो चांदीचा, नदीवरून पळणारा. मला आधी वाटलं आता संपेल, आता संपेल, तो पळतोच आहे.

महालकर:

घोडा लांबला हे मान्य. एवढ्या वेळात मी सीताबर्डीला जाऊन आलो असतो.

टसर_वाली:

घोड्यावरच्या बाईचा तो झगा मात्र बघा परत एकदा. रिप्ले टाकलाय ॲपवर.

मानेवाड्याचा_भौ:

रिप्ले गेला खड्ड्यात, चार वाजले नं. मनू भाकरची क्वालिफिकेशन सुरू झाली, दहा मीटर एअर पिस्तूल. लावा पटकन. अन् अजनीवाले भौ, वैनीले आताच उठवून ठेवा.