कार्व्हिंग बोर्डाची लांबी कशी ठरवावी : १६३ की १७८?

इसारकाठ :

मी सहा वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि त्यांपैकी पाच हिवाळे मऊ बुटांवर, १५७ सेंटिमीटरच्या साध्या स्नोबोर्डवर काढले आहेत. गेल्या मोसमात कार्व्हिंगचे वेड लागले, म्हणजे बोर्ड बर्फावर फरफटत न नेता कडेवर उभा करायचा आणि मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ उमटेल अशी वळणे घ्यायची. लिफ्टमधून वर जाताना खाली स्वतःची रेघ शोधतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या वळणात ती दिसते आणि उरलेल्या अर्ध्यात तिचा झाडूने सारवल्यासारखा पट्टा झालेला असतो.

आता कडक बूट आणि त्यांची बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवणारी पकड) घेऊन झाली आहेत, बोर्ड तेवढा घ्यायचा राहिला आहे. एकाच विक्रेत्याकडे दोन जुने बोर्ड मिळत आहेत : एक १६३ सेंटिमीटरचा, स्लालमच्या म्हणजे छोट्या वळणांच्या शर्यतीच्या धाटणीचा, आणि दुसरा १७८ सेंटिमीटरचा, जायंट स्लालमच्या म्हणजे मोठ्या वळणांच्या शर्यतीच्या धाटणीचा. माझी उंची १७१ सेंटिमीटर, वजन ७८ किलो (कपडे-बूट धरून ८२ च्या आसपास) आणि बुटाचे माप २७.५ (पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये) आहे. इथल्या एका दुकानात विचारले, तर विक्रेत्याने बोर्ड माझ्यासमोर उभा धरून "हनुवटीपर्यंत आला पाहिजे" एवढेच सांगितले. त्या हिशेबाने दोन्ही बोर्ड बाद होतात, कारण एक माझ्या भुवयांपर्यंत येतो आणि दुसरा डोक्याच्याही वर जातो.

शनिवार-रविवार मी बहुतेक सुडेलफेल्ड किंवा स्पिट्झिंगझे या म्युनिकजवळच्या उतारांवर असतो आणि मोसमातून दोनदा ऑस्ट्रियातील हिंटरटुक्सच्या हिमनदीवर जातो. लांबी नेमकी कशावरून ठरवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कडेवरचा :

(टोपणनावावर हसू नये. आईने कडेवर घेतलेले मूल आणि कडेवर उभा केलेला बोर्ड यांत एक साम्य आहेच : दोघांचाही भार नीट पेलला नाही, तर खाली यायला वेळ लागत नाही.)

हनुवटीचा नियम मऊ बुटांच्या साध्या बोर्डासाठी ढोबळमानाने चालून जातो, कारण तिथे उंचीवरून वजनाचा अंदाज बांधलेला असतो. कार्व्हिंगमध्ये तो पूर्णपणे बाजूला ठेवावा. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याला कळते ते तुमचे वजन, तुमचा वेग आणि त्याच्या स्वतःच्या कडेचा बाक. लांबी ही सुरुवातीला ठरवण्याची गोष्ट नसून बाकीच्या गोष्टी ठरल्यावर हाती येणारे उत्तर आहे, असे माझे दहा हिवाळ्यांनंतरचे मत आहे.

सर्वांत आधी कडेच्या बाकाची त्रिज्या पाहावी. बोर्ड मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतो, म्हणून त्याची कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. बोर्ड कलवला की तो वाकतो आणि बर्फावर त्याहून लहान वर्तुळ काढतो : वळणाची त्रिज्या म्हणजे कडेची त्रिज्या गुणिले कलण्याच्या कोनाची कोसाइन, असे सूत्र आहे. ४५ अंशांना वळण कडेच्या त्रिज्येच्या सुमारे ७० टक्के होते आणि ६० अंशांना निम्मे. स्लालमच्या धाटणीच्या बोर्डांची त्रिज्या साधारणपणे १० ते १२ मीटर असते, तर जायंट स्लालमच्या धाटणीच्यांची १४-१५ मीटरपासून पुढे. तुमच्या दोन बोर्डांसाठी तूर्त ११ आणि १५ मीटर धरून चालू.

आता वेग आणू. उतार विसरून सपाट जमिनीचे साधे गणित केले आणि शरीर बोर्डाच्याच रेषेत कलते असे मानले, तर कलण्याच्या कोनाची साइन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि कडेची त्रिज्या यांचा गुणाकार. ताशी ३० किलोमीटरला ११ मीटरच्या बोर्डावर तुम्ही सुमारे ४० अंश कलता आणि ८.४ मीटर त्रिज्येचे वळण घेता. त्याच वेगाला १५ मीटरच्या बोर्डावर जेमतेम २८ अंश कलता आणि वळण १३ मीटरच्या पुढे जाते. एकामागोमाग एक अशी पूर्ण अर्धवर्तुळे काढायची, तर पहिल्याला उताराची सुमारे १७ मीटर रुंदी लागते आणि दुसऱ्याला २६ मीटर. रविवारी सकाळी अकरा वाजता सुडेलफेल्डवर २६ मीटर मोकळी जागा तुम्हाला किती वेळ मिळते, ते तुम्हीच सांगा.

याच सूत्रातून वेगाची वरची मर्यादाही निघते, कारण साइन कधी १ च्या वर जात नाही. ८ मीटर त्रिज्येच्या बोर्डाला ती सुमारे ताशी ३२ किलोमीटर, ११ मीटरला ३७ आणि १५ मीटरला ४४ येते. त्यापलीकडे शुद्ध कार्व्ह टिकत नाही, बोर्ड घसरतोच. तुमच्या रेघेचा दुसऱ्या अर्ध्यात पट्टा का होतो, याचे एक कारण इथे आहे असे मला वाटते : साध्या बोर्डांची त्रिज्या ८ मीटरच्या आसपास असते, वळणाच्या उत्तरार्धात वेग वाढलेला असतो आणि उताराची ओढही बाहेरच्या बाजूला भर घालते. दोष सगळा तुमच्या पायांचा नाही.

बोर्डावर छापलेल्या लांबीवर विसंबू नये. अलीकडच्या बोर्डांचे नाक (पुढचे टोक) लांबवर हळूहळू वर उचललेले असते, त्यामुळे एकाच लांबीच्या जुन्या आणि नव्या बोर्डांत बर्फाला टेकणारी कड बरीच वेगळी भरते. विक्रेत्याकडे जाताना शिवणाचा दोरा आणि पट्टी घेऊन जावे. नाकाजवळ जिथे बोर्ड सर्वांत रुंद आहे तिथपासून शेपटीजवळच्या सर्वांत रुंद बिंदूपर्यंत दोरा ताणून धरावा, त्याची लांबी मोजावी आणि मधोमध दोरा व कड यांच्यातील फट मिलिमीटरमध्ये मोजावी. लांबीचा वर्ग भागिले फटीची आठपट, की त्रिज्या मिळाली. एक मिलिमीटर चुकला तरी उत्तर अर्ध्या-पाऊण मीटरने हलते, म्हणून तीनदा मोजावे.

टिरोलवारी :

वरचे गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणाऱ्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी इन्सब्रुकला राहते आणि कडक बुटांवर शिकताना पहिली दोन वर्षे १५६ सेंटिमीटरच्या, खूप लहान त्रिज्येच्या बोर्डावर घालवली. तो बोर्ड कडेवर टाकला की स्वतःच वळायचा आणि मला वळण संपेपर्यंत थांबण्याची सवयच लागली नाही. पुढे १७० सेंटिमीटरच्या, सुमारे १३ मीटर त्रिज्येच्या बोर्डावर आले, तेव्हा घाई कमी झाली आणि खडबडीत बर्फावरचे हादरेही पायांपर्यंत कमी पोहोचू लागले. दोन्ही बोर्ड सोडून मधला एखादा शोधणे शक्य असेल, तर मी तेच करीन.

उलट टोकाची चूकही करून झाली आहे. स्वस्तात मिळाला म्हणून शर्यतीतला १८५ सेंटिमीटरचा बोर्ड घेतला, माझे वजन ६४ किलो असताना. तो ज्याच्यासाठी बनला होता तो खेळाडू नव्वद किलोच्या पुढचा असावा, कारण मी कितीही कलले तरी बोर्ड वाकायचाच नाही. कोसाइनचे सूत्र कड पूर्ण लांबीभर बर्फाला टेकली आहे असे गृहीत धरते. ताठ बोर्ड आणि हलका स्वार असला की फक्त टोके टेकतात, मधली कड हवेत राहते आणि वळण कागदावरच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. दुसऱ्याच दिवशी मी उताराकडेच्या जाळीला हातभर अंतरावरून सलाम करून आले आणि बोर्ड विकायला काढला.

टीव्हीवर ऑलिंपिक पाहून लांब बोर्डाचा मोह होणाऱ्यांसाठी एवढेच लिहिते की, समांतर जायंट स्लालम (दोघे शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी उतरतात ती शर्यत) हा प्रकार २००२ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि त्यातला मार्ग आखलेला, बर्फ कडक केलेला आणि मुख्य म्हणजे रिकामा असतो. चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्का २०१८ मध्ये स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत आणि बोर्डवर समांतर जायंट स्लालम अशी दोन्ही सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकून गेली, पण तिच्या मार्गात मध्येच बसून मोजे नीट करणारे कुटुंब नव्हते.

तेव्हा लांबी विचारण्याआधी विक्रेत्याला आधीच्या मालकाचे वजन विचारावे. कोलोराडोतील डोनेकसारखे मागणीनुसार बोर्ड बनवणारे कारागीरही स्वाराच्या वजनाप्रमाणे ताठपणा ठरवतात.

पुण्याचा बर्फवेडा :

थोडा वेगळा प्रश्न विचारतो, विषय तोच आहे. मी दर फेब्रुवारीत गुलमर्गला जातो. तिथे असा बोर्ड न्यावा का, आणि न्यायचा तर तो लांब असावा का?

कडेवरचा :

गुलमर्गला न्यायचाच नाही, मग लांबी कोणतीही असो. कार्व्हिंगला यंत्राने दाबून विंचरलेला, कडेला धरून ठेवणारा बर्फ लागतो, आणि गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवत डोंगराच्या अंगाने उतरताना तुम्हाला मिळतो तो न दाबलेला, भुसभुशीत बर्फ. कार्व्हिंगचा बोर्ड मध्ये २० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि अशा बर्फात त्याचे नाक सुरीसारखे खाली जाते. तिथे रुंद बोर्डच हवा.

इसारकाठ :

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी दोरा, स्टीलची पट्टी आणि चिकटपट्टी घेऊन विक्रेत्याच्या तळघरात गेलो. दोऱ्याची दोन्ही टोके चिकटपट्टीने बसवली, कारण दोन हातांनी दोरा धरून तिसऱ्या हाताने पट्टी लावायची कला मला अवगत नाही. विक्रेता आधी संशयाने पाहत होता, मग स्वतःच दिवा धरून उभा राहिला.

१६३ च्या बोर्डावर दोऱ्याची लांबी १४२ सेंटिमीटर आणि मधली फट २२.५ मिलिमीटर भरली, म्हणजे त्रिज्या ११.२ मीटर. १७८ च्या बोर्डावर १५७ सेंटिमीटर आणि २०.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर १५ मीटर. घरी येऊन माझा जुना १५७ चा बोर्डही मोजला : १२२ सेंटिमीटर, २३ मिलिमीटर, ८.१ मीटर. पाच हिवाळे मी ताशी ३२ किलोमीटरच्या मर्यादेवर डोके आपटत होतो, हे कागदावर पाहून थोडे बरे वाटले आणि थोडे वाईटही.

वजनाचा प्रश्न विचारला, तेव्हा विक्रेत्याने प्रांजळपणे सांगितले की, १७८ चा बोर्ड त्याने स्वतः ९६ किलो वजन असताना वापरला आणि १६३ चा त्याच्या पुतण्याचा, जो साधारण माझ्याच अंगलटीचा आहे. १७८ जमिनीवर ठेवून मी मधोमध उभा राहिलो, तर त्याची कमान (मधला वर उचललेला बाक) पुरती दबलीही नाही. १६३ ची सहज दबली. टिरोलवारी यांनी सुचवलेला १७० च्या आसपासचा बोर्ड मी आठवडाभर शोधला, पण माझ्या वजनाला जुळणारा इकडे सध्या विक्रीला नाही. त्यामुळे १६३ कडे कल आहे. दोन शंका उरतात : २७.५ च्या बुटाला त्याची २० सेंटिमीटर रुंदी पुरेल का, आणि हिंटरटुक्सच्या रुंद उतारांवर तो अपुरा पडेल का?

टिरोलवारी :

माझे मत बदलते. पंधरा-अठरा किलो जड माणसाच्या बोर्डापेक्षा तुमच्या वजनाचा लहान बोर्ड केव्हाही बरा. फक्त वळण संपण्याआधी पुढच्या वळणात उडी मारायची नाही, बोर्ड उताराला आडवा होईपर्यंत कड सोडायची नाही, हा नेम पहिल्या दिवसापासून पाळावा. हिंटरटुक्सला सकाळी लिफ्ट सुरू होताना पोहोचलात, तर तासभर उतार तुमचाच असतो आणि तिथे १६३ वरही भरपूर मजा येते. वेग वाढला की तो चुळबुळ करू लागेल, ते त्याचे सांगणे समजावे.

कडेवरचा :

रुंदीचे उत्तर लांबीइतकेच मोजून मिळते. बोर्ड कडेवर उभा करून, बाइंडिंगमध्ये बूट अडकवून, टाच आणि चवडा दोन्ही बाजूंनी कडेच्या बाहेर डोकावत नाहीत ना ते पाहावे. डोकावत असतील, तर बाइंडिंगचा कोन वाढवत जावे. तुमच्या बुटाला पुढच्या पायाचा कोन ६० अंशांच्या आसपास आणि मागच्याचा त्याहून चार-पाच अंश कमी, इथे येऊन थांबाल असा अंदाज आहे. बूट बाहेर राहिला, तर खोल कलल्यावर तोच आधी बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि माणूस काहीही न कळता पाठीवर असतो.

पैसे देण्यापूर्वी १६३ चा बोर्ड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून शेपटीकडून नाकाकडे पाहावे. आत धातूचा पातळ पत्रा असलेले बोर्ड धडकेत वाकले की परत सरळ होत नाहीत, आणि ती मोड बहुधा नाक वर उचलायला लागते त्याच जागी असते. तिथे बोटाने चाचपून खळगा किंवा सुरकुती लागली नाही, तर घेऊन टाका.